एकोणचाळीस खेपांवरून पाचांवर

वैभववाडीत कुणाला प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला, की घरातली माणसं आधी विचारतात, मुंबईत किती दिवस राहावं लागणार? माझ्या थोरल्या काकांनीही डॉक्टरांना तेच विचारलं होतं. जवळपास दोन महिने, हे उत्तर ऐकून ते म्हणाले, "मगे लावणी कोण करतलो?" लालबागला भावकीची खोली होती म्हणून निभावलं. सोमवार ते शुक्रवार टाटा रुग्णालयात 'लाईट' म्हणजे किरणोपचार घ्यायला जायचं, यंत्राखाली काही मिनिटं पडायचं आणि बाकी दिवस खोलीत काढायचा. खोली नसलेले दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत.

परळचं टाटा रुग्णालय 28 फेब्रुवारी 1941 रोजी सुरू झालं. मेहेरबाई टाटा रक्ताच्या कॅन्सरनं गेल्या, त्यानंतर त्यांचे पती दोराबजी यांच्या नावाच्या ट्रस्टनं ते उभारलं. 1962 मध्ये ते अणुऊर्जा विभागाकडे आलं. आमच्या चाकरमान्यांच्या गिरण्या त्याच परळ-लालबागात होत्या, म्हणून त्या दारात जायला गावची माणसं कधी बिचकली नाहीत. अडचण मुक्कामाची होती.

तो मुक्काम लांबायचा शरीराच्या रचनेमुळे. प्रोस्टेटच्या वर मूत्राशय, मागं गुदाशय. पोटातल्या वायूनंसुद्धा ग्रंथी काही मिलिमीटर सरकते. नेम चुकेल म्हणून किरणांचा मारा रुंद ठेवायचा, आणि रुंद मारा शेजाऱ्यांना सोसावा म्हणून रोज 2 ग्रे (ग्रे हे किरणांच्या मात्रेचं माप) एवढाच द्यायचा. असे 78 ग्रे द्यायला 39 खेपा लागत.

1999 मध्ये ब्रेनर आणि हॉल या शास्त्रज्ञांनी मांडलं, की प्रोस्टेटचा कॅन्सर इतर बहुतेक गाठींसारखा नाही. थोड्या पण मोठ्या माऱ्यांपुढं तो जास्त नमतो. स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेत लॅक्स आणि ब्लोमग्रेन यांनी त्याआधीच शरीरातल्या गाठींवर असा नेमका, मोठा मारा सुरू केला होता. ग्रंथीत सोन्याचे बारीक दाणे बसवून दर खेपेला तिची जागा यंत्रावरच पाहता येऊ लागली आणि प्रोस्टेटसाठीही हा मार्ग खुला झाला.

स्वीडन आणि डेन्मार्कमध्ये सुमारे 1200 पुरुषांवर 39 खेपांविरुद्ध 7 खेपा तपासल्या. 2019 मध्ये दोन्हींचा परिणाम सारखा निघाला. 2024 मध्ये पेस-बी या अभ्यासाचे निष्कर्ष आले; त्यात 36.25 ग्रे फक्त 5 खेपांत दिले होते. पाच वर्षांनी आजार न उलटलेले 95.8 टक्के, जुन्या पद्धतीत 94.6. लघवीचा त्रास मात्र पाच खेपांच्या गटात जास्त दिसला, हेही सांगायला हवं. शिवाय ते रुग्ण कमी किंवा मध्यम धोक्याचे होते.

आपली माणसं उशिरा, आजार वाढल्यावर येतात. म्हणून टाटातल्या डॉ. वेदांग मूर्ती यांच्या चमूनं 'प्राइम' चाचणी हाती घेतली. जास्त धोक्याच्या आणि आजार लसिकाग्रंथींपर्यंत गेलेल्या रुग्णांत 25 खेपांतले 68 ग्रे आणि 5 खेपांतले 36.25 ग्रे यांची ती तुलना करते. आमच्या तालुक्याच्या दृष्टीनं मला हीच चाचणी सगळ्यांत मोलाची वाटते.

रात्री लघवीला चार-चारदा उठणं वयामुळेच, असं धरून बसू नका. तपासून घ्या, आणि कॅन्सर निघालाच तर डॉक्टरांना विचारा, माझ्या आजारात पाच खेपांत काम होईल का?