भाषा शिकवायची नोकरी हवीय? विद्यापीठ-कॉलेजात जाण्यासाठी काय लागतं, वाचा

राजगुरुनगर : एम.ए. मराठी, हिंदी, इंग्रजी झालेली कितीतरी पोरं-पोरी आज चाकण एमआयडीसीत कंत्राटावर शिफ्ट करतात. 'भाषा घेऊन नोकरी लागत नाही' असं गावात सर्रास ऐकू येतं. जागा कमी आहेत हे खरं. पण वाट माहीत नसल्यानं वर्षं वाया जातात, हेही तितकंच खरं. म्हणून ही माहिती.

पात्रता काय?
सहायक प्राध्यापक व्हायला त्या भाषेत एम.ए.ला किमान 55 टक्के लागतात. राखीव प्रवर्ग आणि दिव्यांगांना 50 टक्के. सोबत नेट, सेट किंवा पीएच.डी. यापैकी एक. जुलै 2023 पासून पीएच.डी.ची सक्ती नाही, नेट-सेटवरही अर्ज करता येतो. कायम जागेला सातव्या वेतन आयोगानुसार सुरुवातीचा मूळ पगार 57,700 रुपये आहे.

सेट की नेट?
महाराष्ट्र-गोव्यासाठीची सेट सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेतं. पहिला पेपर 50 प्रश्नांचा, दुसरा 100 प्रश्नांचा. चुकलेल्या उत्तराला गुण कापत नाहीत. वयाची अट नाही, त्यामुळं संसाराला लागलेल्यांनाही देता येते. एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला असतानाही बसता येतं. नेट देशभर चालते आणि वर्षातून दोनदा होते. जर्मन, जपानी, फ्रेंच हेही विषय नेटला आहेत.

तासिका तत्त्व म्हणजे काय?
कायम जागा भरली नसेल तर कॉलेजं तासावर शिक्षक घेतात. जेवढे तास शिकवाल तेवढेच पैसे, सुट्टीत काही नाही. अनुभव मिळतो, पण यावर घर चालेल असं धरू नका. जोडीला शेती किंवा दुसरं काम असू द्या.

परदेशी भाषा
आपल्या पट्ट्यात जर्मन, जपानी कंपन्या आहेत, त्यामुळं या भाषांचा उपयोग शिकवण्यापुरता नाही, दुभाषा आणि भाषांतराचं कामही मिळू शकतं. पुणे विद्यापीठाच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जर्मन, फ्रेंच, रशियन, जपानी, स्पॅनिश शिकवतात. जपानीची जेएलपीटी परीक्षा जुलै आणि डिसेंबरात असते. एन5 ही सगळ्यात खालची पायरी, एन1 सगळ्यात वरची. नुसत्या एन5 वर नोकरीची आशा धरू नका, निदान एन3 पर्यंत जा.

कागदपत्रं आधीच काढा
सगळ्या गुणपत्रिका, पदवी प्रमाणपत्र, अधिवास दाखला, जात प्रमाणपत्र, जात वैधता, लागू असेल तर नॉन-क्रिमीलेअर. जाहिरात आल्यावर तहसीलला पळापळ केली की तारीख निघून जाते. वाफसा येण्याआधी बी-बियाणं घरात पाहिजे, तसंच हे.

सावध राहा
जाहिरात विद्यापीठाच्या किंवा कॉलेजच्या वेबसाइटवर आहे का, ते स्वतः बघा. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या फोटोवर विसंबू नका. अर्जाची फी जाहिरातीत लिहिलेली असते. त्यापलीकडं कुणी 'जागा पक्की करून देतो' म्हणून लाखांत पैसे मागत असेल तर देऊ नका, पोलिसांत तक्रार करा. त्यासाठी जमिनीचा तुकडा तर मुळीच विकू नका. गेलेली जमीन परत येत नाही, सेट मात्र पुन्हा देता येते.