घाटात गाडी तापली म्हणून झाकण उघडताय? थांबा, आधी कूलंटचं गणित समजून घ्या

मे महिन्यातला रविवार आणि पुण्याहून साताऱ्याकडे जाताना लागणारा खंबाटकी घाट. ट्रकच्या मागे पहिल्या गिअरमध्ये रांगणाऱ्या गाड्या, एसी फुल, आत पाच माणसं, डिकीत सामान. अशा वेळी एखादी तरी गाडी कडेला लागलेली दिसतेच. बॉनेट उघडं, आतून वाफ येतेय आणि कुणीतरी पाण्याची बाटली घेऊन इंजिनावर वाकलेलं.

धोका नेमका इथंच असतो. माझ्या एका मामाने अशाच एका घाटात रेडिएटरच्या झाकणावर टॉवेल टाकून झाकण फिरवलं होतं. टॉवेलमुळे बोटं वाचली, पण मनगटापासून कोपरापर्यंत हात भाजला. गाडी तीस वर्षं चालवणारा माणूस, पण घाई नडली.

हे का होतं, ते कुकरवरून समजतं. उघड्या पातेल्यात पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळतं. झाकण लावून दाब वाढवला की तेच पाणी १२० अंशांच्या आसपास गेल्याशिवाय उकळत नाही. गाडीची कूलिंग सिस्टीम अशीच दाबाखाली चालते. झाकण उघडलं की दाब एका क्षणात जातो आणि १०० अंशांच्या वर तापलेलं पाणी वाफ होऊन उसळतं. शिट्टी न काढता कुकर उघडायला आपण जात नाही, मग इथं का जावं?

आता प्रश्न येतो की साधं पाणी का नाही चालत? आधीच्या पिढीच्या जीप आणि ॲम्बॅसॅडरमध्ये पाण्याचा कॅन कायम असायचा, तापली की ओता. ती सवय अजून गेलेली नाही. पण आजच्या इंजिनांत ॲल्युमिनियम भरपूर असतं आणि पाण्याच्या वाटाही बारीक असतात. बोअरच्या पाण्याने गीझरच्या कॉइलवर जसा पांढरा थर चढतो, तसाच तो इथंही चढतो. कूलंट म्हणजे डिस्टिल्ड पाणी, ग्लायकॉल आणि गंज रोखणारी रसायनं. "आपल्याकडे कुठं बर्फ पडतो?" असं काहीजण म्हणतात. बर्फ नाही पडत, पण ग्लायकॉलमुळे उकळण्याचं तापमान वाढतं आणि रसायनांमुळे गंज थांबतो. या दोन्हींची गरज आपल्याला बाराही महिने आहे.

तपासायला दोन मिनिटं पुरतात. सकाळी गाडी सुरू करण्याआधी, सपाट जागेवर बॉनेट उघडा. पांढरट, अर्धपारदर्शक प्लास्टिकची एक टाकी दिसेल, तिच्यावर मिन आणि मॅक्स अशा दोन खुणा असतात. कूलंट या दोन खुणांच्या मध्ये हवं. हे बाहेरूनच दिसतं, त्यासाठी काहीही उघडावं लागत नाही. टाकी मळली असेल तर पुसून मोबाइलचा टॉर्च मारा. शेजारीच काचेवर फवारायच्या पाण्याची टाकी असते, तिच्या झाकणावर वायपरचं चित्र असतं. दोन्हींची अदलाबदल करू नका. हसू नका, गॅरेजवाल्याला विचारा किती जण करतात ते.

पातळी कमी असेल तर गाडी पूर्ण गार असतानाच भरायचं. बऱ्याच गाड्यांत ही प्लास्टिकची टाकीसुद्धा दाबाखाली असते, त्यामुळे जाड फडकं धरून झाकण हळूहळू फिरवा. मॅक्सच्या खाली थांबा, कारण तापल्यावर कूलंट फुगतं आणि त्याला जागा लागते. झाकण घट्ट बसवायला विसरू नका, ते सैल राहिलं तर दाब टिकत नाही.

कोणतं कूलंट घ्यायचं, यात मात्र सगळ्यात जास्त गोंधळ होतो. हिरवं, लाल, गुलाबी, निळं असे रंग दिसतात, पण रंगाचं एकच ठरलेलं प्रमाण नाही. एका कंपनीचं हिरवं दुसऱ्या कंपनीच्या हिरव्यासारखं असेलच असं नाही. चुकीचं मिश्रण झालं तर गंजरोधक रसायनांचा परिणाम कमी होतो, कधी गाळही धरतो. म्हणून गाडीसोबत मिळालेल्या पुस्तकात जे लिहिलंय तेच घ्या. बाटली थेट ओतायची आहे की पाणी मिसळायची, तेही बघा. मिसळायची असेल तर डिस्टिल्ड पाणी लागतं, प्रमाण बहुतेकदा निम्मं-निम्मं असतं. नुसतंच दाट कूलंट ओतलं की इंजिन जास्त गार राहील, हा गैरसमज आहे. उष्णता वाहून नेण्यात पाणी ग्लायकॉलपेक्षा सरस असतं.

आडरस्त्यावर काहीच मिळालं नाही तर गार झालेल्या इंजिनात साधं पाणी टाकून गॅरेज गाठता येतं. पण नंतर ते काढून नीट कूलंट भरून घ्यायचं.

ही सिस्टीम बंद असते, त्यामुळे कूलंट पेट्रोलसारखं संपत नाही. दर महिन्याला भरावं लागत असेल तर ते कुठंतरी जातंय. पार्किंगमध्ये जमिनीवर रंगीत डाग आहे का बघा. ऑइलच्या डिपस्टिकवर दुधाळ चहासारखा फेस दिसला किंवा सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर सतत येत राहिला, तर हेड गॅस्केट गेल्याची शंका घ्या. मग गाडी चालवत नाही, टो करून न्यायची. होसपाइप बदलणं स्वस्तात होतं, वाकलेलं सिलिंडर हेड नाही.

आणि घाटातच काटा वर चढायला लागला तर? एसी बंद करा, हीटर फुल सोडा. मे महिन्यात ही शिक्षा वाटेल, पण हीटर इंजिनाचीच उष्णता आत ओढतो. काटा लाल पट्ट्यात गेला किंवा लाल दिवा लागला की सुरक्षित जागी थांबून इंजिन बंद करा. वाफ दिसत असेल तर ती थांबेपर्यंत बॉनेटही उघडू नका. त्यानंतर किमान अर्धा-पाऊण तास झाकणाला हात नाही, आणि झाकण गरम लागलं तर अजून थांबा. इंजिन बंद असलं तरी फॅन अचानक फिरू शकतो, ओढणी आणि बोटं लांब ठेवा. तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतू नका, धातूला तडा जाऊ शकतो.

भरताना खाली सांडलं तर लगेच पुसून भरपूर पाण्याने धुवा. बऱ्याच कूलंटमध्ये असणारं इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असतं आणि विषारी. गल्लीतली कुत्री-मांजरं ते चाटतात, आणि थोडंसं पोटात गेलं तरी त्यांच्या किडन्या निकामी होऊ शकतात. उरलेली बाटली लहान मुलांचा हात पोहोचणार नाही अशा जागी ठेवा, आणि पाण्याच्या रिकाम्या बाटलीत तर कधीच भरून ठेवू नका.