डोंगरी शिकार व बंदुकीचे वजन

डोंगराळ प्रदेशात पायी फिरून केल्या जाणाऱ्या शिकारीसाठी बंदूक किंवा रायफल किती वजनाची असावी, हा शिकारशास्त्रातील एक जुना प्रश्न आहे. हत्तीच्या हौद्यातून अथवा झाडावरील मचाणावरून शिकार करणाऱ्यास हत्याराचे वजन फारसे जाणवत नाही. कडे, घळी व काटेरी झुडुपे यांतून तासन्‌तास वाटचाल करणाऱ्यास मात्र प्रत्येक अर्धा किग्रॅ. वजनाचा हिशेब करावा लागतो. अजिंठ्याच्या डोंगररांगेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) जिल्ह्याच्या उत्तर भागात, या प्रश्नाचा इतिहास तोड्याच्या बंदुकीपासून निर्धूम दारूच्या रायफलीपर्यंत पाहता येतो. हा इतिहास केवळ हत्यारांचा नाही. डोंगराने वन्य प्राण्यांना दिलेला आश्रय कसा नाहीसा होत गेला, हेही त्यातून कळते.

प्रदेशाचे स्वरूप : अजिंठ्याची रांग दक्खनच्या बेसाल्ट खडकाची असून लाव्हाच्या थरांमुळे तिची रचना पायऱ्यापायऱ्यांची झाली आहे. दक्षिणेकडून पठार हळूहळू चढत जाते व उत्तरेकडे ते खानदेशाच्या सखल प्रदेशावर एकदम तुटते. कन्नडचा घाट, गौताळ्याचे जंगल, अंतूरचा किल्ला आणि वाघूर नदीने कोरलेली अजिंठ्याची नालाकृती घळ ही याच रांगेतील स्थळे होत. येथील वने शुष्क पानझडी प्रकारची आहेत. उन्हाळ्यात ओढे आटले, की जनावरे घळींतील मोजक्या पाणवठ्यांजवळ येतात. म्हणून एप्रिल व मे हेच येथील शिकारीचे मुख्य महिने असत. तापलेल्या खडकावरून चढउतार, तुटपुंजे पाणी आणि कड्यांमुळे घोडा वा हत्ती नेण्यास येणारी अडचण यांमुळे शिकाऱ्याला शेवटचा टप्पा बहुधा पायीच गाठावा लागे.

वजनामागील तत्त्व : बार उडताच गोळी व दारूचे वायू पुढे जातात आणि बंदूक मागे येते. गोळी व वायू यांचा एकत्रित संवेग तेवढाच राहिला, तर बंदुकीच्या धक्क्याची ऊर्जा तिच्या वजनाच्या व्यस्त प्रमाणात बदलते. उदा., १० ग्रॅम वजनाची गोळी सेकंदाला ८०० मी. वेगाने सुटली व तीन ग्रॅम दारूच्या वायूंचा वेग त्याच्या दीडपट धरला, तर ४ किग्रॅ. वजनाच्या रायफलीच्या धक्क्याची ऊर्जा सु. १७ जूल भरते. हीच रायफल ३ किग्रॅ. वजनाची असल्यास ती सु. २२ जूल होते. एक किग्रॅ. वजन वाचविण्याची किंमत खांद्याला एकतृतीयांशाने अधिक धक्का, अशी मोजावी लागते.

धक्क्याखेरीज स्थिरतेचाही विचार करावा लागतो. चढ चढून आलेल्या माणसाचा श्वास व नाडी वाढलेली असते. नळी जड असेल तर तिच्या जडत्वामुळे नेम फार हलत नाही. हलकी नळी प्रत्येक श्वासाबरोबर डळमळते. परंतु जड हत्यार वाहून हात आधीच थकले असतील, तर हा लाभ उरत नाही. म्हणून एकूण वजनाइतकेच त्याच्या वाटणीलाही महत्त्व आहे. गुरुत्वमध्य दोन्ही हातांच्या मध्ये आला, तर ४ किग्रॅ. वजनाची रायफलही हलकी वाटते; नळीच्या टोकाकडे झुकणारी त्याहून हलकी रायफल लवकर थकविते. झुडुपांतून जाताना लांब नळी अडकते, हाही एक भाग आहे. डोंगरात पुष्कळदा तीव्र उतारावर खाली किंवा वर नेम धरावा लागतो. अशा वेळी सपाटीवरील अंतराच्या सवयीने नेम धरल्यास गोळी अपेक्षेपेक्षा वर लागते. हा दोष वजनाने दूर होत नाही, तो केवळ अनुभवाने सुधारतो.

तोड्याची बंदूक : मोगल काळात हाताने झाडण्याच्या तोड्याच्या बंदुका साधारणतः ३ ते ५ किग्रॅ. वजनाच्या असत. अबुल फज्लच्या आईन-इ-अकबरीत बंदुकांचे स्वतंत्र प्रकरण असून नळीवर कच्च्या व घडविलेल्या लोखंडाचे वजन, कारागिराचे नाव, स्थळ व तारीख कोरण्याची पद्धत त्यात नोंदविली आहे. वजन ही बंदुकीची ओळख मानली जात होती, असे यावरून दिसते. अकबराच्या ‘संग्राम’ या बंदुकीने १५६८ मध्ये चितोडच्या वेढ्यात जयमल राठोड मारला गेला. तीच त्याची आवडती शिकारी बंदूक होती. मोगल चित्रांत बादशहा बसून, नळी सेवकाच्या खांद्यावर टेकवून हरणांवर नेम धरताना आढळतो. जड नळीला टेकू हवा, ही गरज दरबारी शिकारीत माणसाच्या खांद्याने भागविली जाई.

मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी वसविली. तिलाच पुढे औरंगाबाद हे नाव मिळाले. मोगलांच्या दक्खनच्या सुभेदारीचे केंद्र येथे आल्यानंतर शिकार हा दरबारी जीवनाचा भाग झाला; तथापि हाक्याची वा वेढ्याची शिकार सपाटीवर सोयीची होती. डोंगरातील भिल्ल शिकारी तिरकमठा वापरीत, तसेच तोड्याची बंदूक मिळाल्यास ती खडकावर किंवा झाडाच्या बेचक्यात टेकवून पाणवठ्यावर दबा धरीत. तोडा पेटता ठेवावा लागे आणि त्याचा वास व ठिणगी जनावराला सावध करी. त्यामुळे चालता चालता शिकार करणे या हत्याराने जवळजवळ अशक्य होते. वजन सहन होण्याचे कारणही हेच, की शिकारी एका जागी बसून राही.

चकमकीपासून टोपीपर्यंत : २८ एप्रिल १८१९ रोजी २८ व्या घोडदळाचा अधिकारी जॉन स्मिथ हा वाघाच्या शिकारीसाठी वाघूरच्या खोऱ्यात आला असता त्याला समोरच्या कड्यात एका लेण्याची कमान दिसली, अशी परंपरा आहे. अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यातील स्तंभावर त्याने आपले नाव व ही तारीख कोरून ठेवली आहे. त्या काळच्या ब्रिटिश पायदळाची चकमकीची बंदूक सु. ४.५ किग्रॅ. वजनाची होती, तर आटे असलेली बेकर रायफल सु. ४ किग्रॅ. भरे. रायफलीचा नेम अचूक असला, तरी ठासण्यास वेळ लागे. जखमी वाघासमोर दुसरा बार भरण्यास सवड नसे. म्हणून दुनळी बंदूक पसंत केली जाऊ लागली. दुसऱ्या नळीमुळे साहजिकच वजन वाढले.

खानदेश १८१८ मध्ये इंग्रजांकडे गेल्यावर अजिंठ्याची रांग निजामाचे राज्य व ब्रिटिश मुलूख यांची सीमा बनली. १८२५ मध्ये भिल्लांसाठी एजन्सी स्थापन झाल्या. त्यांपैकी एक कन्नड येथे होती. त्याच वर्षी जेम्स आउट्रम याने धरणगाव येथे भिल्ल पलटण उभारण्यास प्रारंभ केला. भिल्लांचा विश्वास त्याने बऱ्याच अंशी त्यांच्याबरोबर केलेल्या वाघाच्या शिकारींतून संपादन केला. कन्नडजवळील औट्रम घाटाच्या नावात त्याची आठवण राहिली आहे. १८४४ पासून अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करणारा मेजर रॉबर्ट गिल हाही शिकारी म्हणून प्रसिद्ध होता.

या काळातील मोठ्या व्यासाच्या बंदुकांचे टोक सॅम्युएल बेकर याच्या हत्यारात दिसते. १८४० मध्ये त्याने ब्रिस्टल येथे करवून घेतलेली एकनळी रायफल २१ पौंड, म्हणजे सु. ९.५ किग्रॅ. (दहा शेरांहून अधिक) वजनाची होती. ती श्रीलंकेत हत्तींसाठी वापरण्यात आली. असे हत्यार शिकारी स्वतः वाहून नेत नसे. ते मदतनिसाच्या खांद्यावर असे. दक्खनच्या डोंगरातही जड दुनळी, दारूचा शिंगडा, शिसे व पाण्याची पखाल वाहणारे आणि माग काढणारे भिल्ल हेच शिकारीचा खरा भार उचलीत. जनावर अचानक समोर आले, की हत्यार मालकाच्या हाती पोहोचेपर्यंत पहिला धोका त्यांना असे. शिकारवर्णनांत बंदुकीचे वजन नोंदविले जाते. ते कोणी उचलले, हे क्वचितच सांगितले जाते.

जेम्स फॉर्सिथ याने रायफलीवरील आपल्या ग्रंथात (१८६३) व पुढे मध्य भारताच्या डोंगरांवरील ग्रंथात (१८७१) सातपुड्यातील अनुभव नोंदविले. मोठा व्यास, गोल गोळी, भरपूर दारू व मंद पिळाचे आटे यांचा त्याने पुरस्कार केला. दाट जंगलात अंतर थोडे असल्याने दूरच्या माऱ्यापेक्षा पहिल्याच गोळीचा तडाखा महत्त्वाचा, हे त्यामागील कारण होते.

एक्सप्रेस व निर्धूम रायफली : एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ‘एक्सप्रेस’ रायफली प्रचारात आल्या. हलकी गोळी व दारूचा मोठा बार यांमुळे वेग वाढला आणि मार्ग सपाट झाला. ०.५०० इंची दुनळी एक्सप्रेस साधारणतः ४ ते ४.५ किग्रॅ., तर ०.५७७ इंची सु. ५ किग्रॅ. वजनाची असे. पायी शिकाऱ्याला स्वतः वाहता येईल व मोठ्या जनावरासही पुरेल, असे हत्यार प्रथमच मिळाले.

१८८० नंतरच्या दोन दशकांत निर्धूम दारू व खटक्याच्या बहुबारी रायफली आल्या. लष्करी ली–एन्फील्डची आखूड आवृत्ती सु. ४ किग्रॅ., तर १९०३ ची ६.५ मिमी. व्यासाची मान्लिखर–शोनावर सु. ३ किग्रॅ. वजनाची होती. हिमालयात उंचावर रानशेळ्यांच्या शिकारीसाठी असल्या हलक्या रायफलींना मोठी मागणी आली. कुमाऊँमधील चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल जिम कॉर्बेट याला १९०७ मध्ये भेट मिळालेली ०.२७५ इंची रिग्बी सु. ३.५ किग्रॅ. वजनाची होती. मात्र धोक्याच्या प्रसंगासाठी त्याच्याजवळ अधिक जड व मोठ्या व्यासाची दुनळी रायफलही असे. एकच वजन सर्व प्रसंगांस पुरत नाही, याचे हे बोलके उदाहरण होय.

हैदराबाद संस्थानात शिकार राजघराण्याच्या प्रतिष्ठेशी निगडित होती. सहावा निजाम मीर महबूब अली खान (कार. १८६९–१९११) अचूक नेमबाज व वाघाचा शिकारी म्हणून ख्यात होता. सरकारी शिकारींत हाकारे, मचाण व तंबूंचा लवाजमा असल्याने वजनाचा प्रश्न गौण असे. तो खऱ्या अर्थाने उभा राही तो एकट्यादुकट्या अधिकाऱ्यासमोर व गावच्या शिकाऱ्यासमोर.

निवडीचे संकेत : या अनुभवातून काही सर्वसाधारण संकेत रूढ झाले. हरिण, चिंकारा किंवा रानडुकरासाठी डोंगरात ३ ते ३.५ किग्रॅ. वजनाची रायफल पुरेशी मानली जाई. वाघ, अस्वल अशा उलटून येणाऱ्या जनावरांसाठी ४ ते ५ किग्रॅ. वजन आवश्यक समजत. कारण त्याहून हलक्या हत्यारात जबरदस्त बार सहन होत नसे व धक्क्याच्या भीतीने नेम चुके. हत्यार शिकाऱ्याने स्वतः दिवसभर वाहता येईल एवढेच जड असावे, हा संकेत सर्वांत महत्त्वाचा होता. नेम चुकल्याने जनावर जखमी होऊन घळीत शिरले, तर त्याचा पाठलाग करणे शिकाऱ्याचे कर्तव्य समजले जाई. तो न केल्यास गुराख्यांवर व लाकूडफाट्यास जाणाऱ्या स्त्रियांवर संकट ओढवे. जखमेमुळे नेहमीचे भक्ष्य पकडता न येणारा वाघ नरभक्षक होतो, हे कॉर्बेटने अनेक उदाहरणांनी दाखविले आहे. वजनाच्या निवडीतील चुकीची किंमत अशा रीतीने पुष्कळदा दुसऱ्यांना द्यावी लागे.

आश्रयाचा शेवट : बंदूक जड व संथ होती, तोपर्यंत डोंगर हाच प्राण्यांचा संरक्षक होता. दूरच्या घळीत जाणारा शिकारी थोडा, त्याचा पल्ला लहान व बार मोजके असत. हत्यार हलके, दूर पल्ल्याचे व बहुबारी होताच हे संरक्षण कमी झाले. त्यातच लागवडीखाली आलेली जमीन, वृक्षतोड आणि स्वातंत्र्योत्तर काळात मोटारीतून दिव्याच्या झोतात केलेली रात्रीची शिकार यांची भर पडली. अजिंठ्याच्या रांगेतून वाघ विसाव्या शतकाच्या मध्यास दिसेनासा झाला.

वन्य जीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये वाघासह अनेक प्राण्यांना संरक्षण मिळाले. १९९१ च्या दुरुस्तीनंतर अनुसूचित वन्य प्राण्यांची हौसेखातर शिकार पूर्णतः बंद झाली. मानवी जीवितास धोकादायक झालेल्या प्राण्याबाबत मुख्य वन्य जीव रक्षकाच्या लेखी आदेशानेच कारवाई करता येते. १९८६ मध्ये सु. २६० चौ. किमी. क्षेत्राचे गौताळा औट्रमघाट अभयारण्य घोषित झाले. २०२१ मध्ये यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर येथून निघालेला एक वाघ शेकडो किमी. अंतर चालून गौताळ्यात आल्याचे वन विभागाच्या स्वयंचलित कॅमेऱ्यात दिसून आले. काही दशकांनंतर या रांगेत झालेली वाघाची ही पहिली नोंद मानली जाते. ज्या घळींत एके काळी बंदुकीच्या वजनाची चर्चा होई, तेथे आता वनरक्षक व अभ्यासक कॅमेरे घेऊन त्याच वाटा चढतात. डोंगरी शिकारीसाठी रायफलीच्या वजनाचा विचार या प्रदेशात त्यामुळे केवळ इतिहासाचा विषय उरला आहे.