खेळाडू कोणत्या गावचा?

टेक्सासमध्ये नववी ते बारावीतल्या मुलाने शाळा बदलली आणि नव्या शाळेच्या मुख्य संघातून खेळायचे म्हटले, तर नुसता दाखला आणि गुणपत्रिका पुरत नाही. आधीच्या शाळेत तो खेळत असेल, तर त्याचा एक वेगळा फॉर्म भरावा लागतो. जुना पत्ता, नवा पत्ता, घरातली सगळी माणसे एकत्र हलली का, हे पालकांनी लिहून द्यायचे. मग कागद जुन्या शाळेकडे जातो. या मुलाने खेळासाठी शाळा बदलली असे वाटते का, हे तिथल्या मंडळींना विचारले जाते. वाद निघाला तर जिल्हा समिती बसते. या समितीवर त्याच गटातल्या शाळांचे, म्हणजे मुलाच्या नव्या संघाविरुद्ध खेळणाऱ्या शाळांचेच प्रतिनिधी असतात. खेळासाठीच शाळा बदलली असे त्यांनी ठरवले, की निदान एक वर्ष मुख्य संघाचे दार बंद. नोकरीपायी न्यू जर्सीहून डॅलसला गेलेल्या मराठी घरातली मुलगी शाळेकडून टेनिस खेळत असेल, तर तिच्या आईबाबांपुढेही हाच फॉर्म येतो.

आपल्याला हे अजब वाटणे साहजिक आहे. सचिन तेंडुलकर वांद्र्याची शाळा सोडून दादरच्या शारदाश्रमात गेला तो क्रिकेटसाठीच, आणि तसे सुचवले रमाकांत आचरेकर सरांनी. पुढे १९८८ मध्ये हॅरिस शील्डच्या उपांत्य सामन्यात त्याने विनोद कांबळीबरोबर ६६४ धावांची अभंग भागीदारी केली. मुंबई ही शाळाबदलाची गोष्ट आजही कौतुकाने सांगते. टेक्सासच्या नियमात हाच बदल सरळसरळ अपात्रतेत बसला असता. एका समाजात जे कौतुकाचे, ते दुसऱ्यात चौकशीचे का झाले, हे कळायला सव्वाशे वर्षे मागे जावे लागते.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अमेरिकेतल्या हायस्कूलांचे फुटबॉल आणि बेसबॉलचे संघ मुलेच चालवत. सामना ठरवणार तीच, वर्गणी काढणार तीच, संघ निवडणारही तीच. सामना जिंकायचा म्हणून शाळेत कधी पाऊल न टाकलेले तगडे तरुण सर्रास मैदानात उतरवले जात. तक्रारी वाढल्या तशा मुख्याध्यापकांनी संघटना बांधल्या. विस्कॉन्सिनची १८९६ च्या सुमारास उभी राहिली, इलिनॉयची २७ डिसेंबर १९०० रोजी स्प्रिंगफिल्डला, इंडियानाची १९०३ मध्ये. टेक्सासमध्ये विद्यापीठाने १९१० साली वादविवादासाठी काढलेल्या संघाला १९१३ मध्ये क्रीडासंघटना जोडली गेली आणि आजची युनिव्हर्सिटी इंटरस्कोलास्टिक लीग तयार झाली. मध्यपश्चिमेकडच्या पाच राज्यांनी १९२० मध्ये शिकागोला बैठक घेतली. महाविद्यालये आणि बाहेरचे क्लब हायस्कूलच्या मुलांचे सामने परस्पर भरवत होते, त्याला आवर घालणे हा त्यांचा हेतू होता. राज्यसंघटनांच्या आजच्या राष्ट्रीय महासंघाचा उगम त्या बैठकीत आहे.

पहिले नियम साधे होते. खेळाडूचे नाव पटावर हवे, ठरावीक विषयांत तो उत्तीर्ण हवा, वयाची मर्यादा पाळलेली हवी, खेळाचे पैसे घेतलेले नसावेत. पण प्रत्येक नियम पुढच्या पळवाटेला जन्म देतो. बाहेरचा खेळाडू चालत नाही ना? मग त्याचे नाव पटावर घाला. शेजारच्या गावचा चांगला खेळाडू इथल्या काकांकडे राहायला आणा आणि शाळेत बसवा. म्हणून पुढचा नियम आला: आईवडील जिथे राहतात, तिथल्याच शाळेकडून खेळायचे. सगळे घर हलले तर मूल लगेच पात्र, एकटे मूल हलले तर बहुतेक ठिकाणी वर्षभर बाकावर. या नियमामागे एक ठाम समजूत होती. संघ गावाचा असतो आणि गावच्या मुलांतूनच उभा राहतो, ही ती समजूत.

वर्गवारीचा नियम याच समजुतीचा सख्खा भाऊ. गाव लहान-मोठे असते, तसा शाळेचा पटही लहान-मोठा असतो. दीडशे मुलांतून निवडलेला संघ आणि दीड हजारांतून निवडलेला संघ समोरासमोर उभे करायचे का, हा प्रश्न मग आपोआप येतो. इंडियानाने बास्केटबॉलमध्ये याचे उत्तर दीर्घकाळ 'हो' असे दिले. १९११ पासून सगळ्या शाळांची एकच स्पर्धा, एकच विजेता.

त्या उत्तराला आयुष्य मिळाले ते २० मार्च १९५४ च्या रात्री. इंडियानापोलिसच्या बटलर फील्डहाउसमध्ये अंतिम सामना होता. एका बाजूला १६१ मुलांच्या पटाची मिलानची शाळा, दुसऱ्या बाजूला दहापट मोठी मन्सी सेंट्रल. शेवटच्या सत्रात मिलान पिछाडीवर होते, तरी त्यांचा खेळाडू बॉबी प्लम्प चार मिनिटांहून अधिक वेळ चेंडू हातात धरून नुसता उभा राहिला. ठरावीक सेकंदांत चेंडू टाकलाच पाहिजे, असा नियम तेव्हा नव्हता. प्रशिक्षक मार्व्हिन वुड यांचा हिशेब सरळ होता: मोठ्या संघाला चेंडूच मिळू द्यायचा नाही, म्हणजे त्याची ताकद वापरली जाणार नाही. मग ३०-३० अशी बरोबरी झाली, आणि शेवटच्या क्षणी प्लम्पने टाकलेला चेंडू जाळीत गेला. ३२-३०. 'हूजियर्स' हा १९८६ चा चित्रपट या विजयावरून सुचला.

अशीच गोष्ट इलिनॉयमध्ये १९५२ साली घडली होती. जेमतेम शंभर मुलांच्या हेब्रन शाळेने तेव्हा राज्यविजेतेपद पटकावले. पण अशा रात्री वारंवार येत नाहीत. बहुतेक लहान शाळा पहिल्या-दुसऱ्या फेरीतच गारद होत. इलिनॉयने १९७२ मध्ये दोन गट केले. इंडियानाने आणखी पंचवीस वर्षे धीर धरला आणि १९९७-९८ च्या हंगामात चार गट केले. प्लम्प यांनी या बदलाला उघड विरोध केला. केंटकीत मात्र बास्केटबॉलची स्पर्धा आजही एकच आहे.

टेक्सासने वर्गवारीचे जवळजवळ शास्त्रच केले. १ए ते ६ए असे सहा गट, आणि दर दोन वर्षांनी फेरमांडणी. ऑक्टोबरअखेरच्या एका ठरावीक दिवसाचा पट मोजला जातो आणि फेब्रुवारीच्या सुरुवातीला नवे गट जाहीर होतात. सर्वांत खालच्या गटात सुमारे १०५ पेक्षा कमी मुलांच्या शाळा येतात, सर्वांत वरच्यात दोन हजारांहून मोठ्या. अगदी लहान शाळा फुटबॉलही अकराऐवजी सहा-सहा खेळाडूंचा खेळतात. हा प्रकार १९३४ मध्ये स्टीफन एपलर या शिक्षकाने नेब्रास्कात काढला. मंदीच्या काळात अकरा मुले जमवणेही जड जाणाऱ्या गावांना त्यामुळे खेळता आले. सीमारेषेवरच्या शाळेच्या पटावरची चार-पाच मुले इकडची तिकडे झाली की तिचा गट बदलू शकतो, आणि गट बदलला की प्रतिस्पर्धी, बसचा प्रवास, तिकिटांचे उत्पन्न सगळेच बदलते.

समान संधीच्या या व्यवस्थेचा दुसरा चेहराही याच इतिहासात आहे, आणि तो लपवून मागोवा पुरा होत नाही. इंडियानाच्या संघटनेने कृष्णवर्णीयांच्या आणि कॅथलिक शाळांना १९४२ पर्यंत पूर्ण सभासदत्व दिले नाही. इंडियानापोलिसमध्ये १९२७ साली क्रिस्पस अ‍ॅटक्स हायस्कूल उघडले, आणि शहरातल्या कृष्णवर्णीय मुलांना घर कुठेही असो, तिथेच धाडले गेले. ज्याचे घर जिथे, त्याची शाळा तिथे, हे तत्त्व त्यांच्या बाबतीत कोणाला आठवले नाही. १९५४ मध्ये मिलानने अ‍ॅटक्सला हरवले होते. पुढच्याच वर्षी ऑस्कर रॉबर्टसन या खेळाडूच्या अ‍ॅटक्सने राज्यविजेतेपद जिंकले, १९५६ मध्ये ते राखलेही. टेक्सासमध्ये तर कृष्णवर्णीय शाळांसाठी १९२० पासून प्रेअरी व्ह्यू महाविद्यालयाची स्वतंत्र लीग होती. ती १९७० मध्ये पूर्ण विलीन झाली. १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत मुख्य लीगच्या सगळ्या वर्गवाऱ्या फक्त गोऱ्या शाळांच्या होत्या. पट मोजायचा, पण कोणाचा, हे आधीच ठरलेले होते.

शाळाबदलाच्या नियमाला मोठा धक्का न्यायालयातून बसला. व्हरमाँटमधून आईवडिलांसोबत ऑस्टिनला आलेला एक मुलगा आधीच्या शाळेकडून बास्केटबॉल खेळला होता, एवढ्याच कारणावरून टेक्सासच्या लीगने त्याला वर्षभर अपात्र ठरवले. त्याला कोणी पळवून आणले नव्हते. घर हलले, म्हणून तोही हलला. १९८१ मध्ये टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने तो नियम रद्द केला. शाळा बदलणारा प्रत्येक खेळाडू पळवलेलाच असतो असे गृहीत धरणे आणि उलट सिद्ध करायची संधीही न देणे, हे समान संरक्षणाच्या तत्त्वात बसत नाही, असे न्यायालयाला वाटले. सुक्याबरोबर ओलेही जळत होते, ते थांबले. मात्र सरसकट बंदी गेली, तिथे हेतूची चौकशी आली. सुरुवातीला सांगितलेला फॉर्म आणि समिती यांचे मूळ या वळणावर आहे.

दुसरा खटला टेनेसीचा. नॅशव्हिलजवळच्या ब्रेंटवुड अकॅडमी या खासगी शाळेच्या फुटबॉल प्रशिक्षकाने १९९७ मध्ये आठवीच्या काही मुलांना पत्र पाठवले. मुलांचा नववीचा प्रवेश झालेला होता, शाळा मात्र सुरू व्हायची होती. वसंतातल्या सरावाला या, असे पत्रात लिहिले होते आणि खाली सही होती 'तुमचा प्रशिक्षक' अशी. राज्यसंघटनेने याला खेळाडू ओढण्याचा प्रयत्न ठरवले. शाळेला ३,००० डॉलर दंड, क्रीडाविभागावर चार वर्षे देखरेख, आणि फुटबॉल व मुलांच्या बास्केटबॉल संघांना दोन वर्षे बाद फेरीची बंदी. वाद थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला. २००१ मध्ये ५ विरुद्ध ४ मतांनी निकाल आला की ही संघटना खासगी म्हणवत असली तरी तिचे वागणे सरकारी यंत्रणेचे आहे, म्हणून राज्यघटनेची बंधने तिला लागू होतात. २००७ मध्ये त्याच न्यायालयाने सांगितले की मिडल स्कूलच्या मुलांना असे ओढायला बंदी घातली, तर भाषणस्वातंत्र्याचा भंग होत नाही. दोन्ही निकाल एकत्र वाचले की संघटनेचे अधिकारही कळतात आणि त्यांची मर्यादाही.

तोवर संघ गावच्या मुलांचाच असतो, ही मूळ समजूतच ढासळू लागली होती. खासगी शाळेला हद्द नसते. ४०० मुलांची गावची शाळा येईल त्याला घेते, तर ४०० मुलांची खासगी शाळा अख्ख्या शहरातून निवडून घेऊ शकते. नुसता पट मोजून हे दोन ४०० सारखे म्हणायचे का? टेनेसीने १९९७ मध्ये खेळाडूंना आर्थिक मदत देणाऱ्या खासगी शाळांचा विभागच वेगळा काढला. अलाबामाने खासगी शाळांच्या पटाला १.३५ ने गुणले. इलिनॉयने २००५ पासून हद्द नसलेल्या शाळांसाठी १.६५ हा गुणक आणला, म्हणजे ४०० चा पट वर्गवारीत ६६० धरला जाऊ लागला. मिनेसोटाने वेगळी बाजू पाहिली. सवलतीच्या जेवणाला पात्र मुलांच्या संख्येचे ४० टक्के तिथे पटातून वजा होतात, कारण गरीब घरातल्या अनेक मुलांना शाळेनंतर सरावाला थांबणे परवडत नाही. इंडियानाने यशालाच माप केले. लागोपाठच्या हंगामांत पुरेसे विजय मिळवणाऱ्या संघाला वरच्या गटात जावे लागते, पट तोच असला तरी.

एकीकडे वर्गवारीचे माप असे बारीक होत गेले, दुसरीकडे शाळाबदलाची बंधने सैल झाली. शाळा निवडणे हा पालकांचा हक्क, हे धोरण अनेक राज्यांनी स्वीकारले. फ्लोरिडाने २०१६ च्या कायद्याने शाळा बदलणाऱ्या मुलाला बहुतांश बाबतीत लगेच खेळण्याची मुभा दिली. ज्या इंडियानाने एकाच स्पर्धेचा अभिमान दीर्घकाळ जपला, तिथेही २०२५ मध्ये पहिल्यांदा शाळा बदलणाऱ्या मुलाला पूर्ण पात्रता देण्याचे ठरले.

यातून गावाने काय गमावले, हे मला क्षुल्लक वाटत नाही. १६१ मुलांमधून उभा राहिलेला संघ ही गावाची खरी कमाई होती. शेजारच्या तालेवार शाळेने दर वर्षी तुमचा चांगला खेळाडू उचलला, तर ती कमाई पुन्हा होणार नाही. पण ती वाचवण्याचा भार पंधरा वर्षांच्या मुलावर टाकणे अन्यायाचे आहे. ज्यांच्याकडे पैसा आहे, ते हव्या त्या शाळेच्या हद्दीत घर भाड्याने घेतात आणि सगळे कुटुंब हलले असे लिहून देतात. आईवडील वेगळे झाले म्हणून आजीकडे राहायला गेलेल्या मुलाला मात्र सवलतीसाठी अर्ज, पुरावे आणि सुनावणी यांतून जावे लागते. नियम दोघांना एकच असतो आणि सापडतो दुसराच.

मुलाच्या मनातला हेतू शोधण्याचे काम संघटनांनी सोडून द्यावे. एकदा शाळा बदलायची मोकळीक प्रत्येकाला असावी. खेळाडू ओढणाऱ्या प्रशिक्षकाला आणि शाळेला मात्र जबर शिक्षा हवी, आणि ती ठरवणाऱ्या समितीवर प्रतिस्पर्धी शाळा नसाव्यात. लहान आणि गरीब शाळांचे रक्षण वर्गवारीने करावे, कारण वर्गवारी शाळेला तोलते, मुलावर संशय घेत नाही. मुख्याध्यापकांनी पहिले नियम केले ते मुलांचा खेळ मोठ्यांच्या हावेपासून वाचवावा म्हणून. आज शिक्षाही त्या मोठ्यांनाच व्हायला हवी.