संगणकीय गुन्हे आणि भारतीय कायदा : एक ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना :
कायदा हा गुन्ह्याच्या मागून येतो, ही बाब कायद्याच्या इतिहासात नवीन नाही. मात्र संगणकाच्या बाबतीत हे अंतर इतके वाढले की, कृत्य उघड होऊनही शिक्षा करणे अशक्य झाले. आणि ते अंतर घाईने भरून काढताना निरपराध व्यक्तीही कायद्याच्या कचाट्यात सापडल्या. भारतातील संगणकीय गुन्हेविषयक कायदा या दोन दोषांमधून वाट काढत घडत गेला. प्रस्तुत लेखात गुन्ह्यांच्या प्रमुख प्रकारांच्या आधारे या वाटचालीचा आढावा घेतला आहे.

कायद्यातील पोकळी :
अनधिकृत प्रवेश अर्थात हॅकिंग हा सर्वांत परिचित प्रकार होय. १९८० च्या दशकात ब्रिटनमध्ये दोन व्यक्तींनी प्रेस्टेल या संगणकीय सेवेत शिरकाव करून प्रिन्स फिलिप यांच्या संदेशपेटीपर्यंत मजल मारली. स्वतंत्र कायदा नसल्याने त्यांच्यावर १९८१ च्या बनावट दस्तऐवजविषयक कायद्याखाली खटला चालला. दुसऱ्याचा पासवर्ड वापरणे म्हणजे बनावट दस्तऐवज तयार करणे नव्हे, अशी भूमिका घेऊन १९८८ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने त्यांची मुक्तता कायम केली. त्यानंतर १९९० मध्ये 'कॉम्प्युटर मिसयूज ॲक्ट' अस्तित्वात आला.

दुसरा प्रकार विषाणूंच्या प्रसाराचा. मे २००० मध्ये फिलिपिन्समधून पसरलेल्या 'लव्ह बग'ने जगभरातील संगणकयंत्रणा विस्कळीत केल्या. तेथे अशा कृत्यासाठी कायदाच नव्हता. जूनमध्ये कायदा झाला. पण तो पूर्वलक्षी प्रभावाने लागू करता येत नसल्याने संशयितावरील आरोप मागे घ्यावे लागले.

माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० :
त्याच मे महिन्यात भारतीय संसदेने माहिती तंत्रज्ञान विधेयक संमत केले. ९ जून २००० रोजी त्यास राष्ट्रपतींची संमती मिळाली व १७ ऑक्टोबरपासून अधिनियम अमलात आला. संयुक्त राष्ट्रांच्या व्यापारविषयक आयोगाने १९९६ मध्ये तयार केलेल्या आदर्श कायद्याचा त्याला आधार होता. साहजिकच, इलेक्ट्रॉनिक व्यवहारांना मान्यता देणे हा त्याचा मुख्य हेतू होता. गुन्ह्यांचा विचार त्यामानाने मर्यादित होता. कलम ६५ मध्ये संगणकीय आज्ञावलीत फेरफार, कलम ६६ मध्ये हॅकिंग आणि कलम ६७ मध्ये अश्लील मजकुराचे प्रसारण यांचा समावेश होता. २००४ मध्ये एका महिलेविषयी याहूच्या संदेशगटात अश्लील मजकूर टाकणाऱ्यास चेन्नईतील न्यायालयाने दोषी ठरविले. या अधिनियमाखालील आरंभीच्या दोषसिद्धींपैकी ही एक होती.

मात्र २००५ मध्ये पुण्यात घडलेल्या गुन्ह्याने मर्यादा दाखवून दिल्या. कॉल सेंटरमधील कर्मचाऱ्यांनी अमेरिकन बँकग्राहकांचा विश्वास संपादन करून त्यांचे गुप्त क्रमांक मिळविले व सुमारे साडेतीन लाख डॉलर बनावट खात्यांत वळविले. येथे यंत्रणा फोडण्याचे कौशल्य नव्हते, विश्वासघात होता. ओळखचोरी हा स्वतंत्र गुन्हा मूळ अधिनियमात नव्हता.

२००८ ची दुरुस्ती व तिचे परिणाम :
मुंबईवरील २६ नोव्हेंबरच्या हल्ल्यानंतर महिनाभरातच, डिसेंबर २००८ मध्ये, संसदेने फारशी चर्चा न करता दुरुस्ती विधेयक संमत केले. २७ ऑक्टोबर २००९ पासून ते अमलात आले. ओळखचोरी (कलम ६६-क), तोतयेगिरीने फसवणूक (६६-ड), खासगीपणाचा भंग (६६-इ) व सायबर दहशतवाद (६६-फ) हे गुन्हे समाविष्ट झाले. तपासाचा अधिकार पोलीस उपअधीक्षकाऐवजी निरीक्षकाकडे आला.

याच दुरुस्तीतील कलम ६६-अ मात्र 'त्रासदायक', 'गैरसोयीचा' अशा संदिग्ध शब्दांवर उभे होते. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदविषयी फेसबुकवर लिहिणाऱ्या व त्यास पसंती दर्शविणाऱ्या पालघर येथील दोन तरुणींना अटक झाली. २४ मार्च २०१५ रोजी श्रेया सिंघल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे कलम घटनाबाह्य ठरविले. तरीही त्याखाली गुन्हे नोंदविले जात राहिले, आणि २०२२ मध्ये न्यायालयाला ते थांबविण्याचे निर्देश द्यावे लागले.

पुराव्याचा प्रश्न :
गुन्ह्याची व्याख्या झाली तरी तो सिद्ध कसा करावा, हा प्रश्न उरतोच. पुरावा अधिनियमाच्या कलम ६५-ब नुसार इलेक्ट्रॉनिक नोंदीच्या प्रतीसोबत प्रमाणपत्र आवश्यक ठरले. जालना मतदारसंघाच्या निवडणुकीतून उद्भवलेल्या खोतकर विरुद्ध गोरंट्याल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये ही अट पुन्हा अधोरेखित केली. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्येही ती कायम आहे.

समारोप :
ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून सुमारे ९४ कोटी रुपये लुटले गेले. बनावट कार्डांद्वारे २८ देशांतून रक्कम काढण्यात आली. २०२३ मध्ये ११ आरोपी दोषी ठरले. एका शहरातील बँक, अनेक देशांतील एटीएम आणि एका राष्ट्रापुरता मर्यादित कायदा, हे विषम नाते या घटनेतून स्पष्ट होते. संगणकीय गुन्ह्यांविषयीची २००१ ची बुडापेस्ट परिषद-संहिता भारताने स्वीकारलेली नाही, हेही येथे लक्षात घ्यावे लागते. सारांश, कायद्याचा अभाव गुन्हेगारास सोडून देतो, तर संदिग्ध कायदा नागरिकास पकडतो. नेमकी व्याख्या, प्रशिक्षित तपासयंत्रणा व देशोदेशींचे सहकार्य यांची सांगड घातली गेली, तरच या दोन्ही दोषांपासून कायदा मुक्त राहू शकेल.