बगळ्याच्या पिसापासून परवान्यापर्यंत

 

दोन पावसाळ्यांपूर्वीची गोष्ट. रात्रभर वारा सुटला होता. सकाळी दार उघडलं तर चिंचेखाली बगळ्याचं पिल्लू पडलेलं. पिसं नीट फुटलेली नव्हती, थंडीने कुडकुडत होतं. मी त्याला टोपलीत घेतलं, चमच्याने दूध पाजलं, दुधात पोळी कुस्करून भरवली. घरातली पोरं दिवसभर टोपलीभोवती. तिसऱ्या दिवशी पिल्लू मेलं.

पुढे गावात जनावरांचे डॉक्टर आले, तेव्हा त्यांना विचारलं. ते म्हणाले, "ताई, पक्ष्याला दूध पचत नाही. आणि चोचीत पातळ ओतलं की ते श्वासनळीत जातं." म्हणजे मी जीव लावला आणि त्यातच त्याचा जीव गेला. जाता जाता ते आणखी एक सांगून गेले. जंगली पाखरू असं घरात ठेवणं कायद्यालाही धरून नाही. मला रागच आला. मरणाऱ्या जिवाला उचललं, यात गुन्हा कसला?

हा कायदा आला कुठून, ते मी शोधायला लागले. काही देशांत जखमी पाखरं-जनावरं सांभाळण्यासाठी माणसाला परवाना काढावा लागतो, हे तेव्हा कळलं. अमेरिकेत अशा माणसाला 'वाइल्डलाइफ रिहॅबिलिटेटर' म्हणतात. आपण वन्यजीव पुनर्वसक म्हणू. या परवान्याची गोष्ट सुरू होते बायकांपासून आणि बगळ्यापासून. म्हणून ती आज तुम्हाला सांगते.

सव्वाशे वर्षांपूर्वी अमेरिकेत आणि युरोपात श्रीमंत बायकांच्या टोप्यांवर पिसं लावायची मोठी फॅशन होती. कधी पिसं, कधी अख्खा पेंढा भरलेला पक्षी. सगळ्यांत मागणी पांढऱ्या बगळ्यांच्या जाळीदार तुऱ्याला. हा तुरा बगळ्याला विणीच्या दिवसांतच फुटतो. त्यामुळे शिकारी घरट्यांवरच जायचे. मोठे पक्षी मारायचे, तुरे उपटायचे, आणि घरट्यातली पिल्लं उपाशी मरायची. तुऱ्याला सोन्याच्या तोडीचा भाव मिळत होता, मग थांबणार कोण?

1896 साली बॉस्टन शहरातल्या हॅरिएट हेमेनवे या बाईंनी या कत्तलीचं वर्णन वाचलं. त्या काही राणी नव्हत्या, अधिकारीही नव्हत्या. अमेरिकेत बायकांना देशभर मताचा हक्क मिळाला तो 1920 साली, म्हणजे तेव्हा त्यांना मतही नव्हतं. त्यांनी आपली नात्यातली बहीण मिना हॉल हिला बोलावलं. दोघींनी शहरातल्या प्रतिष्ठित घरांची यादी समोर घेतली आणि कोण बाई पिसांची टोपी घालते, यावर खुणा केल्या. मग एकेकीला चहाला बोलावलं. चहाबरोबर बगळ्याच्या घरट्याची हकीकत सांगितली आणि शब्द घेतला, की यापुढे पिसाची टोपी घालणार नाही.

मैत्रिणींनो, आपला गट तरी दुसरं काय करतो? दारोदार जातो, बसतो, बोलतो. त्या चहाच्या बैठकांतून सुमारे 900 बायका जोडल्या गेल्या. त्याच वर्षी मॅसॅच्युसेट्स राज्याची ऑडुबॉन सोसायटी उभी राहिली. दुसऱ्याच वर्षी, 1897 साली, त्या राज्यात जंगली पक्ष्यांच्या पिसांच्या व्यापाराविरुद्ध कायदा झाला. 1900 साली बेकायदा मारलेले पक्षी एका राज्यातून दुसऱ्या राज्यात विकायला नेण्यावर बंदी आली. आणि 1918 साली स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांचा मोठा कायदा आला. परवान्याशिवाय असा पक्षी मारायचा नाही, पकडायचा नाही, विकायचा नाही, जवळही ठेवायचा नाही. त्याचं अंडं, घरटं, पीससुद्धा नाही.

"जवळ ठेवायचा नाही" हे कलम कशासाठी, ते आता लक्षात आलं असेल. पिसं विकणारा पकडला गेला की म्हणणार, मी मारलं नाही, मला सापडलं. जखमी पक्षी सापडला, म्हणून ठेवला. अशी पळवाट राहू नये म्हणून बाळगणंच बंद केलं. पण त्याच कलमात खरोखर माया करणारेही अडकले. मग जखमी पाखरांचं करायचं काय? कितीतरी वर्षं लोक आपापल्या परीने घरीच करत राहिले. काही जगायची, पुष्कळ मरायची. कुठे काय चुकलं याची कुणी नोंद ठेवत नव्हतं.

1971 च्या जानेवारीत सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीच्या तोंडाशी, धुक्यात, तेलाची दोन जहाजं एकमेकांवर आदळली. लाखो लिटर तेल पाण्यावर पसरलं. तेलात माखलेले पक्षी किनाऱ्याला लागू लागले. हजारो माणसं मदतीला धावली. सुमारे 7,000 पक्षी गोळा झाले, पण त्यांतले जेमतेम 300 वाचले. मदत करणाऱ्यांनी रात्रंदिवस हात चालवले होते, तरीही.

पक्ष्याची पिसं कौलांसारखी एकमेकांत बसलेली असतात, म्हणून पाणी आत जात नाही आणि अंगाची ऊब बाहेर जात नाही. तेल लागलं की ती बसणी मोडते आणि पक्षी गारठतो. चोचीने तेल साफ करायला जातो, तेच पोटात जातं. अशा अर्धमेल्या पक्ष्याला लगेच धरून घासलं, तर तो भीतीनेच जातो. त्यावेळी अंगाला लावलेली काही रसायनंही पिसांना बाधली.

त्या मदत करणाऱ्यांत ॲलिस बर्कनर नावाच्या एक नर्स होत्या. त्याच वर्षी त्यांनी पक्षी वाचवण्याची संस्था काढली. दवाखान्यात काम केलेली बाई ती. आधी रोगी स्थिर करायचा, मग उपचार, ही दवाखान्याची शिस्त या कामात आली. आधी ऊब, मग पाणी आणि खाणं, अंगात ताकद आली की मग धुणं. कोणत्या साबणाने पिसं पुन्हा नीट बसतात याची चाचणी करत करत, शेवटी भांडी घासायचा पातळ साबण कामी आला. कोणत्या पक्ष्याला काय दिलं, किती जगले, किती मेले, याच्या नोंदी ठेवायला सुरुवात झाली. 1972 साली अशी कामं करणाऱ्यांची एक परिषद झाली, 1982 साली दुसरी राष्ट्रीय संघटना झाली. एकीचा अनुभव दुसरीला मिळू लागला.

आता तिथे परवाना कसा मिळतो ते ऐका. पक्ष्यांसाठी देशाचा परवाना लागतो आणि राज्याचे नियम वेगळे असतात. वय 18 पूर्ण हवं. निदान वर्षभरात मिळून 100 तासांचं प्रत्यक्ष काम केलेलं हवं, त्यातले जास्तीत जास्त 20 तास वर्गात शिकलेले चालतात. वर्षभर का? कारण पिल्लांचा हंगाम वेगळा, थंडीतले आजार वेगळे. जागा आणि पिंजरे पक्ष्याच्या मापाचे हवेत. गरज पडल्यास जनावरांचा डॉक्टर हाताशी हवा. न्यूयॉर्क राज्यात लेखी परीक्षा असते, पास व्हायला 80 टक्के गुण लागतात. पिसाळीचा रोग पसरवू शकणाऱ्या प्राण्यांना हात लावायचा, तर बऱ्याच राज्यांत वेगळी परवानगी काढावी लागते. आणि दरवर्षी हिशेब द्यायचा, किती आले, किती सोडले, किती गेले.

उद्देश एकच, प्राणी परत रानात गेला पाहिजे. त्याला माणसाची सवय लावायची नाही, लाडाचं नाव ठेवून अंगाखांद्यावर खेळवायचं नाही. माणसाला आई समजणारं पिल्लू रानात जगत नाही. मात्र ज्याच्याकडे परवाना नाही, त्यानेही जखमी पक्षी उचलून ताबडतोब परवानाधारकाकडे पोचवला, तर तो गुन्हा नाही. कायद्याने तेवढी वाट मोकळी ठेवली आहे.

आता आपल्याकडे येऊ. पिसांची फॅशन परदेशातली, पण पिसं आपल्या देशातूनही बोटी भरभरून जात होती. 1902 साली इंग्रज सरकारने ती निर्यात बंद केली. पक्ष्यांसाठी 1887 आणि 1912 साली कायदे झाले, पण ते तोकडे होते. 1972 साली वन्यजीव संरक्षण कायदा आला. त्याप्रमाणे जंगली प्राणी ही सरकारी मालमत्ता. असा प्राणी कोणत्याही कारणाने आपल्या ताब्यात आला, तर 48 तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा वनखात्याच्या अधिकाऱ्याला कळवायचं असतं. आपल्या कायद्यात अमेरिकेसारखा एकट्या माणसाच्या नावाचा पुनर्वसक परवाना नाही. इथे हे काम वनखातं करतं, आणि खात्याच्या परवानगीने संस्था करतात. नागपूरला सेमिनरी हिल्सवर वनखात्याचं उपचार केंद्र आहे, जुन्नरजवळ माणिकडोहला बिबट्यांचं केंद्र आहे.

जुन्नरच्या बाया हे जवळून पाहतात. ऊसतोडीत बिबट्याची पिल्लं सापडतात. पूर्वी ती उचलून नेली की आईपासून कायमची तुटायची. आता डॉक्टर तपासतात आणि संध्याकाळी त्याच जागी क्रेटमध्ये ठेवतात. अंधार पडला की मादी येते आणि तोंडात धरून घेऊन जाते. पिल्लू सांभाळण्यापेक्षा आईला परत देणं मोठं, हे इथेही अनुभवानेच कळलं.

तुमच्यापैकी कुणाच्या मुलीला हे काम करावंसं वाटलं, तर बारावी विज्ञान करून पशुवैद्यकीय पदवी, ही एक पक्की वाट आहे. दुसरी वाट म्हणजे परवानगी असलेल्या संस्थेत स्वयंसेवक होऊन हाताने शिकणं. पिंजरे धुणं, खाणं कापणं, वजनं लिहिणं इथूनच सुरुवात होते. हे काही आपल्याला नवं नाही.

आणि आपल्या दारात पिल्लू पडलं, तर? पिसं फुटलेलं असेल आणि टुणटुण उड्या मारत असेल, तर बहुतेक वेळा त्याचे आईबाप जवळच असतात. मांजर-कुत्रं लांब ठेवा आणि दुरून पाहा. पिसं नसतील आणि घरटं हाताला येत असेल, तर परत ठेवा. माणसाचा हात लागला की आई टाकते, हा समज खरा नाही. जखमी असेल, तर भोकं पाडलेल्या खोक्यात फडकं घालून अंधारात, उबेत ठेवा. दूध नको, पाणी ओतायला नको. माकड, कोल्हा, वटवाघूळ, साप यांना हात लावायचाच नाही. आणि वनखात्याच्या 1926 या क्रमांकावर फोन करा.

गटाच्या वहीच्या पहिल्या पानावर हा क्रमांक आजच लिहून ठेवा. आमच्या वहीत मी तो लिहिला आहे. चिंचेवर यंदाही बगळे बसले आहेत.