बंधन नाही, मग बंदी का?

पणजीत चर्चसमोर जी म्युनिसिपल गार्डन आहे, तिला गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याचे नाव आहे. १५६३ साली गोव्यात छापलेला त्याचा वनौषधींवरील ग्रंथ जगप्रसिद्ध आहे. त्या बागेतल्या बाकावर बसलो की मला दर वेळी आठवते, की १५८० साली याच माणसाची हाडे थडग्यातून उकरून जाळली होती. गुन्हा कोणता? बाप्तिस्मा झालेला हा ख्रिस्ती माणूस मनातून मोशेचे नियमशास्त्र मानत होता, असे त्याच्या मृत्यूनंतर नातलगांच्या चौकशीत पुढे आले.

आता गंमत पाहा. येशू स्वतः यहुदी. आठव्या दिवशी त्याची सुंता झालेली. त्याचे बारा शिष्यही यहुदी. मग त्यांचेच नियम पाळणे हा त्याच्या अनुयायांसाठी गुन्हा कधी झाला?

प्रश्न पहिल्यांदा उभा राहिला तो इसवी सन ४९ च्या सुमारास, यरुशलेममध्ये. अंत्युखियात बिगरयहुदी लोक ख्रिस्ती होऊ लागले होते. काही जणांचे म्हणणे पडले की त्यांनी सुंता करून घ्यावी, मोशेचे सारे नियम पाळावेत. पौल आणि बर्णबा यांनी विरोध केला. पेत्राने त्यांची बाजू घेतली, आणि शेवटी याकोबाने तोड काढली: त्यांच्यावर ओझे लादू नये. मूर्तीला वाहिलेले अन्न, रक्त, गळा दाबून मारलेल्या प्राण्याचे मांस आणि व्यभिचार, एवढे टाळले की पुरे. ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या पंधराव्या अध्यायात ही हकिगत आहे.

इथे एक बारकावा आहे, तो सहसा कुणी लक्षात घेत नाही. हा निर्णय बिगरयहुद्यांसाठी होता. यहुदी ख्रिस्त्यांनी आपले आचार सोडावेत असे त्या सभेत कुणीही म्हटले नाही. उलट त्यानंतर लगेच पौलानेच यहुदी आईच्या तीमथ्याची सुंता करवली. म्हणजे यरुशलेमचा निकाल ‘बंधन नाही’ असा होता, ‘बंदी आहे’ असा नव्हता.

पुढे चर्चमध्ये यहुदी उरले थोडे, बाकीचे झाले बहुसंख्य, आणि भाषा बदलत गेली. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसने नियमशास्त्राचे तीन भाग मांडले: नीतीचे, विधींचे आणि न्यायनिवाड्याचे. नीतीचे नियम, म्हणजे दहा आज्ञा, कायम. विधी मात्र संपले, आणि ते पाळत राहणे पाप. १४४२ साली फ्लॉरेन्सच्या धर्मसभेने हेच अधिकृतपणे जाहीर केले. रक्ताबद्दलचा प्रेषितांचा नियमही त्या काळापुरता होता, असे तिने ठरवले. आमच्याकडच्या सोरपोतेलात डुकराचे रक्त घालायची रीत आहे. यरुशलेमची ती चार कलमे जशीच्या तशी राहिली असती, तर ती रीत पडली नसती!

पण पोर्तुगालमध्ये हा विषय ताटापुरता राहिला नाही. १४९७ साली राजा मानुएलने तिथल्या यहुद्यांना सक्तीने ख्रिस्ती केले. ओर्ताचे घराणे त्यांतलेच. गोव्यात १५६० साली इन्क्विझिशन आले. ओर्ता १५६८ साली वारला, आणि पुढच्याच वर्षी त्याची बहीण कातारिना हिला जिवंत जाळले. डुक्कर न खाणे, शनिवारी धुतलेले कपडे घालणे असल्या गोष्टी संशयाला पुरेशा होत. पुढे हाच डोळा आमच्या लोकांच्या चुलीवरही गेला. १७३६ च्या फर्मानाने गोव्यातल्या ख्रिस्त्यांना हिंदूंसारखा मीठ न घालता भात शिजवायलासुद्धा मनाई केली.

त्याच सुमारास, म्हणजे सोळाव्या शतकाच्या मध्यावर, गोव्याहून जेझुइट इथिओपियाला जाऊ लागले होते. तिथले ख्रिस्ती फार जुने. ते सुंता करत, रविवारबरोबर शनिवारही पाळत, डुक्कर खात नसत. हे यहुदीपण झाले, असा पोर्तुगीजांचा आक्षेप. १५५५ साली राजा गलावदेवोस याने लेखी उत्तर दिले. त्याचा आशय असा: सुंता ही आमची देशरीत आहे, मोशेच्या कायद्यासाठी आम्ही ती करत नाही. डुकराचे म्हणाल, तर खाणाऱ्याचा आम्ही तिटकारा करत नाही आणि न खाणाऱ्याला खायला लावत नाही.

हे कुणी ऐकले नाही. १६२२ साली राजा सुसेन्योस कॅथलिक झाला. गोव्यावरून गेलेल्या पाट्रिआर्क मेंदेशने सुंता आणि शनिवार दोन्हींवर बंदी आणली. देशभर बंडे पेटली, आणि १६३२ साली राजाला जुना धर्म परत द्यावा लागला. मेंदेशला देश सोडावा लागला. पुढे तो गोव्यातच वारला.

मी काही धर्मशास्त्री नव्हे. यहुदी कायदा ख्रिस्त्यांना लागू नाही, हा मुख्य प्रवाहातल्या चर्चचा निकाल मला मान्य आहे. पण यरुशलेमला ज्यांनी दुसऱ्याच्या मानेवरचे ओझे उतरवले, त्यांच्याच नावाने पुढे दुसऱ्याच्या ताटात काय आहे ते तपासले गेले, हे मला पटत नाही. पौलाचे म्हणणे पोर्तुगालच्या विद्वानांपेक्षा त्या इथिओपियाच्या राजाला जास्त कळले होते, असे मला वाटते.

बागेला ओर्ताचे नाव आहे, हे चांगलेच आहे. निदान तिथे तरी कुणी कुणाला काय जेवलास म्हणून विचारत नाही.